तडा गेलेला ओटा

घरातील बहुतेक वस्तू जुन्या होतात त्या हळूहळू. पडदे विटतात, खुर्च्यांचा वेत सैल पडतो, दारांचा रंग उडू लागतो. आणि घरच्या माणसांची नजरही त्यांच्याबरोबरच जुनी होत गेलेली असल्यामुळे कोणाला त्याचे फारसे काही वाटत नाही. स्वयंपाकघरातील ओट्याला तडा जातो तो मात्र एकाएकी. रात्री आवरून, पुसून ठेवलेला ओटा सकाळी शेगडीच्या कोपऱ्यापासून भिंतीपर्यंत एका बारीक रेघेने दुभंगलेला दिसतो. प्रथम वाटते, केस चिकटला असेल. मग फडके फिरवून पाहिले जाते, मग नख. रेघ नखाला लागली, की संशयाला जागा उरत नाही.

हा ओटा जर कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा असता, तर काय करावयाचे हे गावातल्या कोणत्याही गवंड्याला ठाऊक असते. परंतु गेल्या काही दशकांत शहरांतील अनेक घरांत निराळ्याच द्रव्याचे ओटे आले आहेत. दगडासारखे जड, संगमरवरासारखे दिसणारे, हाताला मात्र दगडाहून उबदार आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सांधा न दाखविणारे. व्यापारात त्याला ‘सॉलिड सरफेस’ म्हणतात आणि कारागिरांच्या तोंडी एका प्रसिद्ध नाममुद्रेवरून ‘कोरियन’ हेच नाव रूढ झाले आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून एखाद्या दांपत्याने हौसेने असा ओटा करून घेतलेला असतो. दहा-बारा वर्षांनी त्याला तडा जातो. दुकानदाराकडे चौकशी करावी, तर तो एका वाक्यात निकाल देतो : “हा रंग आता येत नाही, सबंध ओटाच बदलावा लागेल.” या निकालाविरुद्ध अपील करता येते की नाही, हा प्रश्न दिसावयास लहान असला, तरी त्या घरापुरता तो लहान नसतो.

अपिलाचा विचार करण्यापूर्वी हे द्रव्य आहे तरी काय, हे पाहिले पाहिजे. १९६७ साली अमेरिकेतील ड्यू पाँ या कंपनीच्या डोनाल्ड स्लोकम या रसायनशास्त्रज्ञाने ते सिद्ध केले आणि १९७१ च्या सुमारास ते बाजारात आले. त्यात वजनाने सुमारे एक तृतीयांश भाग अॅक्रिलिक राळेचा आणि दोन तृतीयांश भाग एका पांढऱ्या खनिज भुकटीचा असतो. ही भुकटी म्हणजे अॅल्युमिनियमचे जलयुक्त ऑक्साइड. ती बॉक्साइटपासून निघते. कोल्हापूरकडील सह्याद्रीच्या सड्यांवर जे तांबूस खनिज सापडते, तेच हे बॉक्साइट. राळेचा भाग तर त्याहूनही परिचयाचा आहे. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडातील कवळीचा गुलाबी भाग याच अॅक्रिलिकचा असतो. गुडघ्याचा कृत्रिम सांधा हाडात पक्का बसविताना शल्यविशारद जे लांबण वापरतात, तेही याच कुळातले. मोडलेली कवळी दंतवैद्य ज्या रसायनाने सांधून देतो, त्याच जातीच्या रसायनाने हा ओटाही सांधता येतो. म्हणजे दुरुस्तीची शक्यता या द्रव्याच्या जन्मातच सामावलेली आहे. त्याचा रंग वरवर दिलेला नसतो. तो साधारण १२ मिलिमीटरच्या सबंध जाडीत आरपार असतो. म्हणून ते घासता येते, कोरता येते आणि पुन्हा पूर्वीसारखे गुळगुळीत करता येते. दगडाच्या बाबतीत हे इतके सहज होत नाही.

मग असे हे गुणी द्रव्य तडकते का? याचे उत्तर न शोधता जो कारागीर थेट हत्यार उचलतो, त्याची दुरुस्ती फार दिवस टिकत नाही. पहिले कारण उष्णता. तापले की बहुतेक पदार्थ प्रसरण पावतात. परंतु अॅक्रिलिकचा हा ओटा ग्रॅनाइटच्या तिप्पट-चौपट प्रसरण पावतो. तीन मीटर लांबीचा ओटा सर्वत्र तीस अंशांनी तापला, तर त्याची लांबी सुमारे ३ मिलिमीटरने वाढते. दोन भिंतींच्या मध्ये तो अंतर न सोडता घट्ट बसविलेला असेल, तर ही वाढ जाणार कोठे? शिवाय शेगडीजवळचा भाग तापतो आणि बाकीचा थंड राहतो. तापलेला भाग पसरू पाहतो आणि थंड भाग त्याला धरून ठेवतो. ही ओढाताण दिवसातून तीनदा, वर्षानुवर्षे चालते. त्यातच तळणीची कढई शेगडीवरून उतरवून थेट ओट्यावर ठेवली जाते. तेलाचे तापमान त्या वेळी १८० अंशांच्या आसपास असते, आणि अॅक्रिलिक तर शंभर अंशांच्या थोडे पुढे गेले की नरम पडू लागते.

दुसरे कारण कोपरा. शेगडी बसविण्यासाठी ओट्यात चौकोनी खाच कापतात. तिचे आतील कोपरे जर करवतीने काटकोनात कापलेले असतील, तर सबंध ओट्यातील ताण त्या चार टोकांशी येऊन गोळा होतो. १९५४ साली कॉमेट जातीच्या प्रवासी विमानांना झालेल्या भीषण अपघातांची चौकशी झाली, तेव्हा विमानाच्या कवचात ठेवलेल्या झरोक्यांच्या कोपऱ्यांशी ताण कसा एकवटतो, हे साऱ्या जगाच्या ध्यानात आले. आकाशात जो नियम, तोच स्वयंपाकघरात. कोपरा गोल असेल, तर ताण वळसा घेऊन पुढे जातो. अणकुचीदार असेल, तर तेथेच तडा जन्म घेतो. तिसरे कारण आधाराचा अभाव. खालच्या कपाटांची एक बाजू खचलेली असते, किंवा ओट्याच्या पुढे आलेल्या भागाला खालून टेकू नसतो, आणि त्यावर कोणी नारळ फोडतो. नारळ हे निमित्त ठरते. खरा दोष खालच्या पोकळीचा असतो.

म्हणून तडा दिसला की त्यावर बाजारातील डिंक ओतून वरून पुसून घेणे, हा उपाय नव्हे. केसाएवढ्या भेगेत डिंक खोलवर उतरत नाही, आणि उतरला तरी तडा ज्या ताणामुळे गेला तो ताण जागच्या जागीच असतो. वर्षभरात जुन्या रेघेशेजारी नवी रेघ उमटते. मधल्या काळात भेगेतून पाणी झिरपून खालचे लाकूड कुजू लागते आणि भेगेत अन्नाचे कण साचतात ते वेगळेच.

आता दुकानदाराने काढलेला रंगाचा मुद्दा. तो अगदीच खोटा नाही. कारखान्यात एका वेळी ओतलेल्या तक्त्यांचा रंग दुसऱ्या वेळच्या तक्त्यांशी तंतोतंत जुळत नाही. रंगरेजाच्या दोन घाण्यांत असते तशी सूक्ष्म तफावत त्यांत राहते. काही वर्षांनी तो रंग बनविणेच बंद होते. आणि समजा, नेमका तोच तक्ता कोठे शिल्लक सापडला, तरी घरातील ओट्याने दरम्यान दहा वर्षांचे ऊन, वाफ, हळद आणि घासणी सोसलेली असते. नवा तुकडा त्याच्या शेजारी नवाच दिसणार. तेव्हा ‘तंतोतंत जुळणारे द्रव्य मिळाल्याशिवाय दुरुस्ती नाही’ अशी अट घालणे म्हणजे दुरुस्तीच नको म्हणण्यासारखे आहे.

परंतु जाणता कारागीर दुकानात जाण्यापूर्वी घरातच शोध घेतो. भांडी घासण्याचे सिंक बसविताना कापून काढलेला मोठा तुकडा कित्येकदा माळ्यावर, नाही तर कपाटामागे पडलेला असतो. काही घरांत त्याचा पोळपाटाखालचा पाट झालेला असतो. तो नसेल, तर ओट्याच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेमागे जोडलेल्या पट्ट्या असतात. तेही नसेल, तर भिंतीलगतच्या उभ्या पट्टीचा जो भाग फ्रिजमागे किंवा डब्यांच्या रांगेमागे कायम झाकलेला राहतो, तो काढून घेता येतो आणि त्याच्या जागी परका तुकडा बसविता येतो. जो दोष लपण्याजोग्या जागी जाऊ शकतो, त्याला दर्शनी भागी ठेवण्याचे कारण नाही. घरातल्या अशा तुकड्याचा मोठा लाभ हा, की तो ओट्याबरोबरच, एकाच ओतकामातून आलेला असतो. मात्र खडीसारखे कण असलेल्या रंगात वरची आणि खालची बाजू हुबेहूब सारखी असेलच असे नाही. म्हणून कोणती बाजू वर ठेवावयाची, हे कापण्यापूर्वीच ठरवावे लागते. रंग पारखावयाचा तोही दिवसाउजेडी आणि रात्रीच्या दिव्याखाली, असा दोनदा. दुपारी जुळलेले दोन रंग दिव्याच्या प्रकाशात कधी कधी फारकत घेतात.

प्रत्यक्ष काम असे चालते. प्रथम तड्याचे खरे टोक शोधावयाचे. डोळ्यांना तो जेथे संपलेला वाटतो, त्याच्या थोडा पुढे तो गेलेला असतो. स्पिरिट लावून पुसले, की भेगेतले स्पिरिट मागाहून वाळते आणि रेघ स्पष्ट होते. टोकाच्या पुढे दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतचा भाग साच्याच्या आधाराने, राउटर या विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरून काढतात. टोक आत राहिले, तर तडा तेथून पुन्हा चालू लागतो. कोरलेल्या खाचेत नेमका बसेल असा तुकडा त्याच साच्यावरून कापतात. त्याच्या कडा किंचित उतरत्या ठेवल्या, म्हणजे तो वरून दाबला की चहूकडून घट्ट भिडतो आणि सांध्याची रेघ बारीक राहते. दोन्ही बाजू स्पिरिटने, रंग न जाणाऱ्या पांढऱ्या फडक्याने स्वच्छ करतात, कारण तेलकट हाताचा एक स्पर्शही जोड बिघडवू शकतो. मग त्याच जातीचे अॅक्रिलिक चिकटद्रव्य भरावयाचे. ते दोन भागांचे असते. एका भागात राळ आणि दुसऱ्यात तिला घट्ट करणारे बेंझॉइल पेरॉक्साइड. दोहोंचे प्रमाण बहुधा दहास एक. हेच पेरॉक्साइड तरुण मुलांच्या चेहऱ्यावरील मुरमांच्या मलमात असते, हे ऐकून कित्येकांना नवल वाटेल. तुकडा शिकंज्यात धरावा, पण आवळू नये. फार आवळले, तर सगळे चिकटद्रव्य बाहेर येऊन सांधा उपाशी राहतो. बाहेर आलेले थोडे चिकटद्रव्य ओले असताना पुसावयाचेही नाही. ते वाळून कठीण झाल्यावर घासून काढावयाचे.

याहून महत्त्वाचे काम ओट्याच्या खाली होते आणि ते कोणालाच दिसत नाही. सांध्याच्या खालून तशाच द्रव्याची रुंद पट्टी चिकटवून त्याला पाठबळ द्यावे लागते. या पट्टीचा रंग कोणताही असला तरी चालतो, हे सोयीचेच आहे. शेगडीच्या खाचेचे चारही कोपरे गोल करून, घासून गुळगुळीत करावयाचे. कडेला उष्णता परतविणारी अॅल्युमिनियमची पट्टी लावावयाची. भिंतीशी दोन-तीन मिलिमीटरचे अंतर मोकळे करून ते लवचिक सिलिकोनने भरावयाचे. खचलेले कपाट उचलून समपातळीत आणावयाचे. दुरुस्ती म्हणजे वरचे ठिगळ नव्हे. ठिगळ हा तिचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग आहे.

ठिगळ बसल्यावर उरते ते घासकाम. माणसाच्या डोळ्याला रंगातला लहानसा फरक जितका खुपत नाही, तितका चकाकीतला खुपतो. म्हणून तुकड्यापुरतेच घासून थांबणाऱ्याचे काम दुरून ओळखू येते. जाणता माणूस भरड पॉलिश कागदापासून बारीक कागदापर्यंत क्रमाने जातो आणि घासण्याचे वर्तुळ विस्तारत नेऊन निदान त्या बाजूचा सगळा ओटा एकाच ओपेला आणतो. जुन्या भागावरचे चरे आणि हळदीचे डागही त्यात निघून जातात. पुष्कळदा असे होते, की रंग जुळत नाही म्हणून ज्यांना काळजी होती, त्यांना तुकडा शोधून दाखवावा लागतो. खडीच्या नक्षीत तो सहज विरून जातो. एकरंगी आणि विशेषतः गडद ओट्यावर मात्र तो दिसतो, हे कबूल केले पाहिजे.

मग जेथे तो दिसणारच, तेथे काय करावे? येथे कारागिराचा प्रश्न कलेच्या इतिहासातील एका मोठ्या प्रश्नाला जाऊन मिळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत भग्न भित्तिचित्रे सांधण्याचे काम निघाले, तेव्हा रोम येथील केंद्रीय पुनरुज्जीवन संस्थेचे संचालक चेझारे ब्रान्डी यांच्यापुढे हाच पेच होता. हरवलेला भाग मूळ चित्रकाराच्या थाटात रंगवावा, तर ती एक प्रकारची बनावट होते. रिकामा सोडावा, तर चित्र विस्कटते. त्यांच्या संस्थेने मार्ग काढला तो असा, की हरवलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरावा. दुरून पाहणाराला चित्र अखंड दिसते. जवळ जाणाराला कोठे मूळ आणि कोठे भरलेले, हे स्पष्ट कळते. पुढे १९६४ साली व्हेनिस येथे प्राचीन वास्तूंच्या जतनाविषयी जी सनद तयार झाली, तिच्या बाराव्या कलमात हेच तत्त्व आले : नवा भाग सबंध वास्तूशी सुसंवादी असावा, पण तो मूळचा म्हणून खपविला जाऊ नये.

ओटा म्हणजे काही प्राचीन मंदिर नव्हे, हे खरे. परंतु तत्त्व येथेही उपयोगी पडते. जुळता जुळत नाही असा, जवळपासच्या रंगाचा तुकडा हा सर्वांत वाईट पर्याय असतो. तो चुकीसारखा दिसतो. त्यापेक्षा उघडपणे वेगळ्या रंगाची, पण एकूण स्वयंपाकघराशी मेळ खाणारी पट्टी शेगडीच्या मागे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ घालावी. सिंकच्या बाजूला तिची जोडपट्टी घातली, की ती रचना म्हणून शोभते. वाकळ शिवणाऱ्या बायकांना हे शहाणपण कोणी शिकविलेले नसते. जुळणारे कापड मिळत नाही म्हणून त्या थांबत नाहीत. न जुळणारे तुकडे नीट क्रमाने लावतात आणि त्यातून नक्षी निर्माण होते. एकच दक्षता घ्यावयाची. भर घालावयाची ती त्याच जातीच्या द्रव्याची. हौसेने ग्रॅनाइटची किंवा पितळेची पट्टी घट्ट बसविली, तर दोघांचे प्रसरण निराळे असल्यामुळे तापल्यावर ती एकमेकांशी भांडतात आणि नवा तडा जातो.

या कामाची एक बाजू घरमालकाच्या दृष्टीला सहसा पडत नाही. ती म्हणजे कारागिराचे फुप्फुस. घासताना पिठासारखी पांढरी धूळ उडते. ती पिठासारखी दिसते म्हणून निरुपद्रवी समजली जाते. २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात, या धुळीत वर्षानुवर्षे काम केलेल्या एका माणसाच्या फुप्फुसाला जरठता आल्याची नोंद प्रसिद्ध झाली. क्वार्ट्झच्या कृत्रिम दगडाची धूळ तर याहून कितीतरी घातक. तिच्यामुळे तरुण कामगारांना सिलिकोसिस होऊ लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडाच्या वापरावर बंदी घातली. चिकटद्रव्याची उग्र वाफही डोळ्यांना आणि घशाला झोंबणारी, आणि पेट घेणारी असते. तेव्हा खिडक्या उघड्या ठेवणे, शेगडी विझवून गॅस बंद करणे, जेथे शक्य तेथे ओले घासणे आणि कारागिराच्या तोंडावर नुसता रुमाल नव्हे, तर धूळ अडविणारा मुखवटा असल्याची खातरी करणे, हे घरमालकाचेही कर्तव्य आहे. जो आपला ओटा वाचवावयास आला आहे, त्याचा श्वास त्यापायी खर्ची पडता कामा नये.

प्रत्येक ओटा वाचविण्याजोगा असतोच असेही नाही. तडे जागोजागी गेले असतील, खालची कपाटे कुजली असतील, उष्णतेने मोठा भाग पिवळा पडून ठिसूळ झाला असेल, तर ‘आभाळच फाटले तर ठिगळ कोठे लावणार’ ही म्हण आठवावी आणि नव्याचा विचार करावा. परंतु तेव्हाही सगळे उखडण्याची गरज बहुधा नसते. दोन सांध्यांमधला शेगडीचा भाग तेवढा बदलून बाकीचा ओटा ठेवता येतो. उखडून टाकलेले हे द्रव्य मातीत कुजत नाही. ते वितळवून पुन्हा नवा तक्ता ओतण्याची सोयही सहसा कोठे नसते. बारा वर्षांनी फेकलेला ओटा कचऱ्याच्या डोंगरावर पिढ्यान् पिढ्या तसाच पडून राहतो.

अशा वेळी दुकानदाराचा निकाल अंतिम न मानता जे एखाद्या चांगल्या कारागिराला बोलावतात, त्यांच्या घरी बहुधा असे घडते. तो खाली वाकून कपाटात डोके घालतो, बोटांनी कोपरे चाचपतो, थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग घरच्या वृद्ध गृहिणीला म्हणतो, “काकू, रंग काही अगदी तसाच मिळायचा नाही. पण ओटा वाचेल.” या दोन वाक्यांत त्याच्या धंद्याचे सगळे प्रामाणिकपण आले. पहिल्या वाक्याशिवाय दुसरे बोलणारा माणूस फसवितो. आणि पहिले बोलून तेथेच थांबणारा निराश करतो.

काम पुरे झाल्यावर काही दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पट्टी दाखविली जाते, तिची हकीकत सांगितली जाते. पुढे तेही थांबते. गरम कढई ठेवण्यासाठी शेगडीशेजारी एक लाकडी पाट कायमचा येतो, नारळ फोडण्याचे काम अंगणातल्या नाही तर गच्चीतल्या दगडाकडे जाते, आणि ओट्यावर पुन्हा पोळ्या लाटल्या जाऊ लागतात.